जनावर नसलेलं बेट

"हॅलो? … कोण? … अगं तू होय! जरा मोठ्यानं बोल, इथे वॉशिंग मशीन उघडून ठेवलंय, मेकॅनिक ठोकाठोकी करतोय… हो, हो… आता येतंय ऐकू. बोल."

थोरलीनं फोन कान आणि खांद्याच्या बेचक्यात धरला, मान तिरकी केली, पण हातातली सुई काही थांबवली नाही. मांडीवर एक इवलीशी बंडी होती. बाळाची नव्हे, मांजराची. जुन्या टी-शर्टातून कापलेली, चार पायांना चार भोकं, पाठीवर बांधायला नाड्या. खाली दवाखान्यात ज्या मांजरींचं पोट उघडून शिवलं जाई त्यांनी टाके चाटू नयेत, म्हणून वर स्वयंपाकघरात थोरली या बंड्या शिवायची. खाली नवरा टाके घालायचा, वर बायको टाके घालायची. घर दोन मजल्यांचं, दोरा एकच.

फोनवर होती धाकटी बहीण. ती प्रवासाच्या कचेरीत तिकिटांच्या खिडकीशी बसते. दिवसभर लोकांना समुद्रापार धाडते आणि स्वतः डबा खाऊन संध्याकाळी घरी जाते.

"बेटं काढलीस? … चार? वा गं वा! … छे, लिहून कशाला घ्यायचं, माझ्या डोक्यात राहतं सगळं. … जेवणाच्या सुट्टीपर्यंत? एवढी कसली घाई? … अस्सं. म्हणजे जागा तू अडवून ठेवल्यास, आणि मी हो म्हटलं नाही तर त्या सुटणार. कळलं. … पण चिमे, माझी अट आहे ना लक्षात? … शांत, हो, शांत तर हवंच. पण शांत म्हणजे काय? … लाटा असू देत गं! लाटांचं काय, लाटा काही लंगडत नाहीत. जनावर नको. … एकही नको. शेपूट असलेलं काहीही मला त्या बेटावर दिसता कामा नये."

पलीकडे धाकटी खिदळली असणार, कारण थोरलीनं फोन कानापासून वीतभर लांब धरला आणि मग पुन्हा चिकटवला.

"हस तू. तुला हसायला काय जातंय. … पहिलं सांग. … पांढरी वाळू… हं… माड पाण्यात वाकलेले… छान… काय? वाळूवर घोड्यावरून रपेट? … काट मार. … अगं, काट मार म्हणते ना! मागच्या खेपेला काय झालं ते विसरलीस? त्या तट्टाच्या खुरात पू झाला होता. मी हातातली बॅग खाली ठेवायच्या आत हे तट्टाच्या पायाशी! … एक दिवस? अगं, अख्खी सुट्टी! रोज सकाळी खूर धुवा, खूर शेका, पट्टी बांधा. आणि मी? मी दोन माणसांच्या टेबलावर एकटी. समोरच्या खुर्चीत माझी पर्स. वाढणारा रोज विचारायचा, साहेब येतायत का. मी म्हणायची, साहेब घोड्याकडे गेलेत. … त्याला काय वाटलं असेल देव जाणे."

तिनं दोरा दातानं तोडला.

"दुसरं बोल. … दगडी पायऱ्या, थेट समुद्रात उतरलेल्या… निळी दारं… आहा! … आणि पायरीवर ते काय आहे म्हणालीस? … कसला गोळा? … अगं, मला इथून कसा दिसेल तुझा फोटो, तूच डोळे ताणून बघ ना. … मांजर. … एकच ना? … प्रत्येक पायरीवर? … बाई बाई बाई! मग हे खाली समुद्रापर्यंत पोचतच नाहीत बघ. एकेका पायरीवर एकेकीचे कान उलटे करून बघत बसतील. पुढे चल."

मशीनच्या पोटातून काहीतरी खणकन पडलं. थोरलीनं तिकडे एक नजर टाकली.

"काही नाही, इकडे पडलं काहीतरी. … तिसरं? … कासवं? अंडी घालायला येतात? … चांदण्यात. हो, चांदणं छानच असणार, पण हे तिथे वाळूत सुईण होऊन बसतील त्याचं काय? … लांबूनच बघायचं असतं? ते तुला आणि मला, चिमे. यांना कधी लांबून काही बघता आलंय? … काट. … आता चौथं. … काहीच नाही म्हणजे? … झाडंसुद्धा नाहीत? … नुसती वाळू. … आणि खेकडे. … खेकडे केवढाले? … नाही, विचारून ठेवलेलं बरं असतं. नांगी मोडली म्हणून हे काडी बांधायला बसायचे. … काय सांगतेस? आपोआप उगवते? … नांगी? … मग प्रश्नच मिटला. मग हेच. चौथंच कर. मला माझा नवरा समोरच्या खुर्चीत हवाय गं, बाकी झाड नसलं तरी चालेल. … सावलीला छत्री नेऊ."

एवढ्यात मेकॅनिक पुढ्यात येऊन उभा राहिला. त्याच्या तळहातावर ओला, राखाडी, घट्ट विणल्यासारखा गोळा होता, आणि मेलेला उंदीर दाखवावा तसा तो दाखवत होता.

"एक मिनिट हं, चिमे. ठेवू नकोस. … काय हो? … अगं बाई, एवढं निघालं आतून? … केस आहेत ते. … माझे? माझे एवढे राखाडी दिसतात का तुम्हाला? … कुत्र्यामांजरांचे हो. खालचे टॉवेल, चादरी, सगळं याच मशीनच्या डोक्यावर. … म्हणजे? तुम्हाला माहीतच नाही? आमचे हे जनावरांचे डॉक्टर! … पाटी पुढच्या बाजूला आहे, तुम्ही मागच्या दारानं आलात ना. … हो, तेच ते. कुठून कुठून येतात लोक. परवा एक बाई ससा घेऊन आल्या, ससा नुसता पडून होता, जाताना टोपलीतून उडी मारून गेला. … तुमच्याकडे आहे काही? … कुत्री? … कान खाजवते? एकच की दोन्ही? … आणि डोकं तिरकं धरते? असं? … अहो, मग कानात नक्की काहीतरी गेलंय. थांबू नका, आत्ताच घेऊन या. … जेवणाची सुट्टी असते, पण त्याचं काय एवढं! जिन्याशी उभे राहून हाक मारा, डॉक्टर म्हणून, येतील हात पुसत. … उपकार कसले? आवडतंच त्यांना. जा, मशीन कुठे पळून जात नाही."

मेकॅनिक गोळा तिथेच टाकून, पाना खिशात घालून निघालासुद्धा. थोरली पुन्हा खुर्चीत टेकली. कुणाचं तरी भलं केल्याचा तजेला तिच्या गालांवर आला होता.

"हं, चिमे. कुठे होतो आपण? चौथं बेट. … हॅलो? … हॅलो? गेलीस का गं?"

गेली नव्हती. फोनमधून तिच्या कचेरीतला पंखा ऐकू येत होता, कुणाचा तरी शिक्का आपटत होता. धाकटी तेवढी गप्प होती. आणि धाकटी गप्प बसली की थोरलीला लहानपणापासून भीती वाटते.

"अशी दातखीळ का बसली तुझी? … मी? मी काय केलं आत्ता? … मेकॅनिकशी बोलत होते. … ऐकलंस ना सगळं, मग विचारतेस कशाला? … मी कुठे सांगितलं, त्यानं विचारलं! … बरं, त्यानं केसांबद्दल विचारलं. पण केसांवरून ओघानंच आलं ना ते. … चिमे, तू तिकिटं विकतेस की वकिली करतेस?"

आणि मग तिचा आवाज एकदम उतरला.

"… कोण आलं होतं? … काल? … हे? तुझ्या खिडकीशी? … मला तर म्हणाले, औषधं आणायला चाललोय. … रांगेत उभे राहिले? मेहुणीकडे जायला रांग? … मग? … सांग की, घशात काय अडकवतेस! … 'माझं नाव काढून टाक.' … असं म्हणाले? … 'तुम्ही दोघी बहिणी जाऊन या.'"

सुई बंडीत रुतली ती तिथेच राहिली.

"… का पण? विचारलंस का तू? … काय म्हणाले? … सावकाश सांग. … 'इथे निदान टेबल आहे, दिवा आहे, हात धुवायला नळ आहे. तिकडे वाळूत गुडघे टेकून तेच करायचं, तर इथेच बरा.' … हं. … आणखी? … 'एकदा कुणीच नसल्यासारखं बसायचं होतं.' … एवढंच? … एवढंच."

ती उठून खिडकीशी गेली. खाली अंगणात बाकावर माणसं बसली होती, प्रत्येकाच्या मांडीवर एक पिंजरा, एक टोपली, एक थरथरती शेपटी. दाराच्या चौकटीत तो पाठमोरा वाकलेला दिसत होता. पांढऱ्या कोटाची पाठ, तिनंच इस्त्री केलेली, आणि कोटाला लटकलेलं कुणाचं तरी पिल्लू. झाडाखाली सगळं गाव येऊन बसतं. झाडानं कुठे बसायचं, हे तिनं आजवर कधी मनात आणलं नव्हतं.

"पण म्हणून माझं नाव कशाला घेतेस तू? लोकच पाठ सोडत नाहीत यांची! … तट्टूवाला आपणहून आला. … म्हणजे, उभा होता तिथे. मी एवढंच म्हटलं, तुमचं तट्टू पाय उचलून धरतंय, आमचे हे… … एवढंच म्हटलं. … आणि ती खाणावळीतली बाई? तिचा पोपट पिसं उपटत होता गं, बघवत नव्हतं! … हो. … हो, मीच. … बोटीतला तो माणूस? त्याच्या पिशवीत पिल्लू कुईकुई करत होतं, मग मी… बोलून गेले. … कुठे? … दाताच्या दवाखान्यात? तू होतीस का तिथे? … माझ्या तोंडात कापूस होता, मी कशी सांगणार? … खुणेनं?"

तिनं खिडकीच्या चौकटीवरची धूळ बोटानं पुसली.

"… सांगितलं असेन खुणेनं."

खाली पिल्लू भुंकलं, लोक हसले, तोही हसला. त्याचं ते हसू तिला वरून ओळखू आलं. थकल्यावर तो असाच हसतो, अर्धं हसून उरलेलं ठेवून देतो.

"नाही, रडत बिडत नाही. … ऐक ना. माझं लग्न ठरलं तेव्हा तू दोन वेण्यांची होतीस, पाहुण्यांपुढे बशा मांडत होतीस, तुला काय आठवणार. आत्या आली होती. मुलगा काय करतो म्हणाली. मी म्हटलं, डॉक्टर. तिचा चेहरा असा फुलला गं, मला स्वतःलाच उंच झाल्यासारखं वाटलं. आणि कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, गुरांचा. … हो, सगळी खोली तोंड दाबून हसली. आत्या म्हणाली, म्हणजे माणसांचं जमलं नाही वाटतं. … हे तिथेच होते, चिमे. समोरच्या खुर्चीत. हातातल्या बशीकडे बघत बसले. आणि मला, एवढ्या बडबड्या बाईला, एक शब्द सुचला नाही. … आत्या जाऊन किती वर्षं झाली. मी आपली अजून तिला उत्तर देतेय. भेटेल त्याला देतेय."

पुन्हा तिकडून शिक्का आपटला. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"आता तू कशाला रडतेस, वेडे! खिडकीशी गिऱ्हाईक असेल ना? … त्याला म्हण, समुद्र दुरुस्तीला काढलाय, उद्या या. … हं, हस. … थांब, थांब, एक मिनिट थांब!"

तिनं खिडकीची दोन्ही दारं उघडली आणि अर्ध्या अंगानं बाहेर वाकली. बाकावरच्या लोकांशी गप्पा मारून मेकॅनिक आत्ता कुठे फाटकाशी सायकल वळवत होता.

"अहो! … अहो, इकडे, वर! … कुत्री संध्याकाळी आणा! … आत्ता नको! … डॉक्टर जेवणारेत! … हो, मीच म्हटलं होतं, आता मीच नको म्हणतेय! … तोवर कान खाजवू देऊ नका, फडकं बांधा सैलसर!"

ती धापा टाकत आत आली आणि बंडी मांडीवर घेऊन पुन्हा बसली. एवढंसं वाक्य, पण जिना चढून आल्यासारखी दमली.

"ऐकलंस? … फडकं बांधा म्हटलं त्याला काय होतंय, ते काही डॉक्टरकी नाही. … बरं. आता ऐक. यांचं नाव काढायचं नाही. … त्यांना मी बघते. पण तिकडे गेल्यावर माणसं विचारणारच ना, साहेब काय करतात. मी गप्प बसेन? … एवढ्या लगेच नाही म्हणायची गरज नव्हती. … बरोबर आहे, जन्मात बसणार नाही. म्हणून म्हणते, गप्प नको, दुसरंच काहीतरी सांगू. … खोटं नाही गं! माणूस सुट्टीवर जातो, मग त्याच्या धंद्यालाही सुट्टी नको? … मास्तर सांगू? … नको नको, कुणाचं तरी गणितात कच्चं पोर लगेच पुढ्यात येईल. … वकील? भाऊबंदकीची कागदपत्रं पोहायच्या कपड्यात घालून आणतील लोक. … ज्योतिषी! अगं आई गं! अख्खा किनारा तळवे वर करून रांगेत. … असा धंदा सांग, चिमे, की नुसतं नाव घेतलं तरी समोरच्याला घरचं काम आठवलं पाहिजे. शेजारची खुर्ची आपोआप रिकामी झाली पाहिजे. … काय म्हणालीस? … परत म्हण!"

थोरलीनं कपाळावर हात मारला.

"विम्याचा एजंट! … चिमे, तुझ्या तोंडात साखर पडो! … अगं, बोटीत पाय पसरून बसू आम्ही! जेवायला गेलो की आजूबाजूची टेबलं उठतील, वाढणारासुद्धा ताट ठेवून पळेल. … लांबून कुणी हात केलाच तर मी म्हणेन, या ना, साहेब आत्ताच तुमची आठवण काढत होते! … थांब गं, माझ्या पोटात दुखायला लागलं…"

हसता हसता बंडी मांडीवरून घरंगळली, टाचण्यांची डबी लवंडली आणि फरशीभर चांदणं सांडलं. ती खाली बसून टाचण्या वेचू लागली, फोन तसाच खांद्यावर.

"हं. … म्हणजे बघ, आता शांत बेट शोधायलाच नको. शांतता आम्ही घरूनच नेऊ. … कुठलंही चालेल. … चौथं? नाही. … ते खेकड्यांचं नको आता. तिथे काय करतील हे, वाळूकडे बघत? … दुसरं कर. … हो, मांजरांचंच. … शुद्धीवर आहे मी. … ऐक तर! यांच्या हातात येतं ते प्रत्येक मांजर दुखणं घेऊन येतं. घाबरलेलं, नखं बाहेर काढलेलं, मालकीण बाजूला डोळे पुसतेय. काहीच झालेलं नाही, नुसतं उन्हाला म्हणून येऊन मांडीवर पसरलंय, असं मांजर त्यांना कधी मिळालं असेल गं? … तेच म्हणते. पायरीवर बसू देत. कान बघायचे तर बघू देत. कुणी बोलावलं म्हणून नको, एवढंच. … मी खालच्या पायरीवर बसेन, पाण्यात पाय सोडून. … हो. … हो, पक्कं. … थांब. जिना वाजतोय. आले. ठेवू नकोस हं, धरून ठेव."

तो दारात आला. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, चष्मा केसांवर चढवलेला. फरशीवरच्या टाचण्या बघून तो उंबऱ्यातच थबकला.

"या, कडेकडेनं या. … हात धुतलेत? … बसा. … चिमी आहे फोनवर. … हो. … हो, सांगितलं तिनं. तिला बोलू नका, पोटात काही राहत नाही तिच्या, आमच्या घराण्यातच राहत नाही. … रागावले नाही. … बरं, रागावले होते. मग माझ्यावरच रागावले, मग दमले. … ऐका आधी. आपण जातोय. दोघं. दोघी नाही, दोघं. पायऱ्यांच्या बेटावर, मांजरं आहेत तिथे. आणि तिथे तुम्ही विम्याचे एजंट. … विम्याचे! … मी शुद्धीवर आहे का, हे आज दुसऱ्यांदा ऐकते. … नाही सांगणार. … कुणालाच नाही. … पोपट असला तरी नाही. … पिसं उपटत असला तरी…"

इथे ती अडकली. 

"… अगदीच बोडका झाला असला तर? … बरं. तरी नाही. … नाही म्हटलं ना! अहो, पण तुम्ही या. समोरच्या खुर्चीत पर्स ठेवून ठेवून कंटाळले मी."

चष्मा उतरवून त्यानं कोटाच्या टोकानं पुसला. जे आधीच स्वच्छ होतं ते पुन्हा पुसत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. आधी तिला वाटलं, झालं, रडवलं मी यांना. पण तो हसत होता, आणि या वेळी अर्धं हसून थांबला नाही. त्यानं फोनसाठी हात पुढे केला.

"घ्या. तुम्हीच सांगा तिला. … चिमे, हे बोलतायत बघ."

थोरली टाचण्या तशाच मुठीत धरून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"हॅलो? … हो, मीच. … नाही गं, कशाला ओरडेन. … हो, माझं नाव राहू दे. … दोघांचंही. … दुसरं बेट, हं, तुझ्या ताईनं ठरवलंय म्हणजे ठरलंच. … कचेरीचा नियम आहे? विचारावंच लागतं? बरं, विचार. … कसला? … प्रवासाचा विमा?"

त्यानं बायकोकडे बघितलं, खुर्चीत ताठ बसला आणि गळ्याला टाय असल्यासारखी कॉलर नीट केली.

"अगं, एजंटलाच विमा विकतेस होय?"

आणि फोन ठेवला.